आधी हात, मग डोळे

परवा आळेफाट्याला मिसळ खायला थांबलो होतो. गल्ल्याच्या वर एका देवळाचा भलामोठा फोटो लावलेला, आणि खाली सोनेरी अक्षरांत ‘आमच्या गावचे प्राचीन मंदिर’. कळस गुलाबी, भिंती बदामी, खांबांना निळे पट्टे. पायथ्याशी दगडात कोरलेल्या हत्तींच्या रांगेला पांढराशुभ्र रंग दिलेला आणि प्रत्येक हत्तीच्या डोळ्यात काळा ठिपका. मिसळ अर्धी टाकून मी उठलो. हॉटेलवाला त्याच गावचा. म्हणाला, “काय झालं भाऊ, तिखट लागली का?” मी हो म्हणालो. खोटं नव्हतं ते.

हे देऊळ काळ्या दगडाचं होतं हे सांगायला आता सुवालालशेठ नाहीत. म्हणून मी सांगतो, आणि रागानेच सांगतो. ज्यांना राग सोसत नाही त्यांनी आळेफाट्याला जाऊन फोटो बघावा. गावाचं नाव मात्र मी लिहिणार नाही. मढच्या अलीकडे रस्ता सोडून आत गेलं की लागतं, एवढं पुरे. नाव लिहिलं की रविवारी आणखी चार गाड्या स्पीकर लावून तिथे पोचतील.

ओतूरच्या बाजारपेठेत माझं मेडिकलचं दुकान. त्याला लागून सुवालालशेठचं रंगाचं दुकान. मी औषधं विकतो, म्हणून शेठ मला पहिल्या दिवसापासून ‘डॉक्टर’ म्हणायचे, आणि त्यात कौतुकाचा लवलेश नसायचा. माणूस अंगाने बारीक, आवाजाने जाड. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, आणि रंगाच्या दुकानात उभा जन्म गेला तरी त्या सदऱ्यावर कधी एक ठिपका नाही. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले. शेठ घरात मारवाडी बोलत असतील, पण दुकानात त्यांची मराठी ऐकून कुणीही त्यांना इथल्याच एखाद्या शेतकऱ्याचा भाऊबंद समजला असता.

गिऱ्हाइकाशी ते वाईट वागत. उगाच मऊ शब्द कशाला वापरू? सरळ वाईट वागत. कुणी शेडकार्डावर पोपटी रंगावर बोट ठेवलं की विचारत, “घर कुठं हाय? रस्त्याच्या कडंला?” तो हो म्हणाला की कार्ड मिटवत. “मंग न्हाई. येणाऱ्या-जाणाऱ्यानं काय पाप केलंय?” माणूस हसला तर ठीक, चिडून गेला तरी ठीक. रंग पाहिजे असेल तर तो उद्या परत येतो हे त्यांना माहीत होतं. आणि येतही असे, कारण आमच्या भागात भिंतीला नेमकं काय लागेल हे त्यांच्याइतकं खरं कुणी सांगत नव्हतं. स्वतःच्या घराची पुढची भिंत मात्र त्यांनी नुसत्या दगडाची ठेवली होती. त्यांची बायको, आमच्या भाभी, म्हणायच्या, रंगवाल्याचं घर बिनरंगाचं, लोक काय म्हणतील? शेठ म्हणायचे, “लोक रंग घ्यायला येतात, घर बघायला न्हाई.”

रविवारी दुपारी दुकान बंद असे. तेव्हा शेठ आपली जुनी ओम्नी काढून एसटी स्टँडवर जात आणि तिथे माणसं पकडत. दुसरा शब्द नाही त्याला. पाठीला सॅक आणि गळ्यात कॅमेरा दिसला की ते समोर जाऊन उभे राहायचे.

“कुठले पावणं?”

“पुण्याचे. माळशेजला चाललोय, धबधबा बघायला.”

“का? पुण्यात नळाला पाणी येत न्हाई?”

मग वाद, मग हसणं, आणि शेवटी ती माणसं ओम्नीत. पैसे ते घेत नसत. पैशाचा विषय काढणाऱ्याला खाली उतरवायची धमकी देत. अट एकच होती. सूर्य बुडायच्या आत परत यायचं, कारण शेठ जैन, सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा पीत नसत. भाभी मागे खाकऱ्याचा डबा आणि उकळलेल्या पाण्याची बाटली ठेवून द्यायच्या. पाहुण्यांचा फोटोचा सोस संपत नसला की शेठ बाहेरून ओरडायचे, “चला, सूर्य बुडायच्या आत मला जेवायचंय! देव कुठं पळत न्हाई, पोट पळतं!”

मीही कित्येकदा त्यांच्याबरोबर गेलो, मागच्या सीटवर, खाकऱ्याच्या डब्याशेजारी. म्हणून मला ठाऊक आहे की देवळाच्या इतिहासाबद्दल शेठ जे सांगत ते सगळं गाढवपणाचं होतं. एका रविवारी देऊळ हजार वर्षांचं, पुढच्या रविवारी दोन हजारांचं. कधी ते पांडवांनी एका रात्रीत बांधलेलं, कधी कुणा राजाने राणीच्या हट्टासाठी. एकदा पुण्याच्या कॉलेजातले एक प्राध्यापक आले. त्यांनी शांतपणे सगळं खोडून काढलं. शेठ म्हणाले, “तुमचं बरोबर असंल साहेब. शिकलेले हाय तुमी. पर आधी हात लावा.”

हेच त्यांचं सगळं होतं. देवळाच्या अलीकडे एक पिंपळ आहे. ओम्नी पिंपळाच्या आडोशाला उभी करायची, पाहुण्यांना डोळे मिटायला लावायचे, कुणाचा कोपर धरून, कुणाला नुसत्या आवाजाने देवळापाशी न्यायचं, आणि त्यांचा तळवा दगडावर ठेवायचा. “आधी हात, मग डोळे. डोळे लई घाई करतात.” चैत्रातल्या दुपारी सावलीतला तो दगड माठासारखा गार लागे. थंडीत उन्हं उतरताना मात्र ऊबदार, दिवसभराचं ऊन आत साठवून ठेवलेला. मग बोटांना हत्तीची सोंड लागायची, घंटा लागायची, शेपटी धरून चाललेला पुढचा हत्ती लागायचा. त्या प्राध्यापकांचा चेहरा मी पाहिला होता. डोळे उघडायला सांगितल्यावरही त्यांनी हात काढला नाही.

महाशिवरात्रीच्या आधीची गोष्ट. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मी शेठच्या दुकानात बसलो होतो. त्या गावचे बबनराव चार माणसं घेऊन आले. आळेफाट्याला त्यांचे दोन ट्रक चालतात, आणि गावाच्या जीर्णोद्धार समितीचे ते अध्यक्ष. आनंदात होते.

“शेठ, देवळाचं काम काढलंय. सगळा रंग तुमच्याकडनंच.”

शेठनी शेडकार्ड पुढे सरकवलं. “कुठलं देऊळ? मारुतीचं?”

“न्हाई ओ. आपल्या महादेवाचं.”

शेठनी शेडकार्ड परत ओढून घेतलं. “त्याला रंग न्हाई.”

“न्हाई म्हंजे? संपला का?”

“रंग लई हाय. त्याला न्हाई.”

बबनरावांना आधी चेष्टा वाटली. मग ते खुर्ची ओढून बसले आणि समजुतीच्या सुरात बोलू लागले. “शेठ, आमच्या घराला दर दिवाळीला रंग लागतो. गोठ्यालासुद्धा लागतो. आन देव तेवढा काळ्या दगडात. माझी आई जाती पाया पडायला. तिला नीट दिसत न्हाई आता. म्हणती, बबन, देव अंधारात बसलाय रे. लाज वाटती आमाला.”

ते बोलणं आठवलं की माझा राग आणखी वाढतो. समितीने पैसे खाल्ले असते तर बरं झालं असतं, निदान कुणाला तरी चोर म्हणता आलं असतं. ही माणसं भक्तीने निघाली होती. डोक्यावर डबे वाहून, वर्गणी काढून, उपास करून देवळाचं वाटोळं करायला निघाली होती, आणि त्यांना वाटेत अडवणारा एकच माणूस होता.

“आईला अंधार वाटतो तर गाभाऱ्यात दिवा लावा!” शेठ उभे राहिले. “तेल मी देतो. मी मरेस्तवर देतो. पर दगडावर ऑइलपेंट फासू नका. दगड पाणी पितो, सोडतो. तुमी त्याचं तोंड बंद करताय. दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतील. मंग तुमी घासायला बसणार, आन घासता घासता हत्ती जातील. माझा धंदा हाय ह्यो, मला शिकवू नका.”

“सगळी गावं रंगवतात शेठ.”

“सगळी गावं येडी झाली म्हणून मी पन होऊ?”

तेव्हा मागे उभा असलेला एकजण, ज्याला मी आजही बाजारात दिसला तरी ओळख देत नाही, तो म्हणाला, “शेठ, तुमचं देऊळ तिकडं पेठेत हाय. हे आमचं हाय.”

बबनरावांनी मान खाली घातली. शेठनी हाताने दार दाखवलं. “निघा. दुकान बंद हाय.” भर दुपारी त्यांनी खरंच शटर ओढलं. मी आतच राहिलो होतो. अर्ध्या अंधारात, डब्यांच्या रांगांमध्ये उभे राहून ते मला म्हणाले, “डॉक्टर, माझा बाप पाठीवर कापडाचं गाठोडं घेऊन मढच्या बाजाराला चालत जायचा. मी त्याच्या मागं. दुपारच्याला आमी त्या देवळात थांबायचो. दगडावर गाल टेकून झोपायचो. गाल गार व्हायचा. आन ह्यो मला सांगतो आमचं-तुमचं.” हे त्यांनी त्या लोकांना सांगितलं नाही. मी म्हणालो, सांगायला हवं होतं. तर माझ्यावरच खेकसले, “का सांगू? मी काय उमेदवार हाय?”

दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी नगरहून आलेली दोन मास्तर माणसं ओम्नीत होती, आणि मी. पिंपळाशी गाडी थांबली. पानांच्या फटीतून गुलाबी काहीतरी दिसलं. शेठ उतरले आणि पाहुण्यांना विसरून सरळ चालत सुटले. कळस झाला होता, एक बाजू झाली होती, बांबूची परांची बांधलेली होती. शेठनी नेहमीच्या सवयीने भिंतीवर तळवा ठेवला आणि उचलला. तळवा बदामी झाला होता. ज्या माणसाच्या सदऱ्यावर मी कधी ठिपका पाहिला नाही, तो माणूस रंगाने माखलेला हात अंगापासून लांब धरून उभा होता.

परांचीखाली रिकामे डबे पडले होते. त्यांच्या झाकणांवर शेठच्या दुकानाचं स्टिकर होतं.

त्यांचा मुलगा प्रवीण. शेठ सकाळी पूजेला गेलेले असताना त्याने मागच्या गोदामातून माल काढून दिला होता. मी त्याला नंतर दुकानातच गाठलं आणि चांगलं झाडलं. तो म्हणाला, “आपण नसता दिला तर त्यांनी आळेफाट्याहून आणला असता, काका. देऊळ रंगणारच होतं. वर गावाशी वाकडं.” यावर मला उत्तर सुचलं नाही आणि अजूनही सुचलेलं नाही, म्हणून त्याच्याशी मी आजही फार बोलत नाही. शेठ मात्र दुसऱ्या दिवसापासून दुकानात बसेनासे झाले. माझ्या मेडिकलच्या बाकावर येऊन बसत, आपल्या दुकानाकडे पाठ करून. आणि रंग काढायला थिनर लागला तेव्हा तो त्यांनी समोरच्या दुकानातून आणला. समोरचा दुकानदार त्यांचा जन्माचा दुष्मन. त्याच्या पायरीवर शेठ चढले तेव्हा सगळी पेठ बघत होती.

हो, त्यांनी रंग काढायला घेतला. रविवारी एकटेच जायचे. पुढच्या बाजूला नाही, मागच्या बाजूला, पायथ्याशी. हत्तींच्या रांगेतला एकच हत्ती त्यांनी धरला. चिंध्या, थिनर, आणि नारळाच्या काथ्याचा ब्रश. पत्र्याने खरवडायचं नाही म्हणत, पत्रा हत्तीला लागतो. मी मदतीला गेलो तर माझ्या हातातली चिंधी काढून घेतली. “तुमी गोळ्या विका.” उकिडवं बसून बसून त्यांचे गुडघे धरत. हाताची कातडी सोलवटली होती. मी मलम दिलं तर ते खिशात घालून विसरले.

एक हत्ती मोकळा झाला आणि गावाच्या लक्षात आलं. मग काय विचारता! ज्यांनी अख्ख्या देवळावर ऑइलपेंट फासला त्यांचा सप्त्यात शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला होता, भल्यामोठ्या फ्लेक्सवर त्यांचे फोटो होते. आणि ज्याने हातभर दगड मोकळा केला त्याच्यावर देवळाची नासधूस केल्याचा आरोप आला. देवळापुढच्या पारावर बैठक बसली. मी शेठबरोबर गेलो. माणसं तावातावाने बोलत होती. कुणी म्हणालं तक्रार करा, कुणी म्हणालं भावना दुखावल्या. मी बोलायला उठलो तर शेठनीच माझा सदरा ओढून मला खाली बसवलं.

शेवटी बबनराव म्हणाले, “शेठ, तुमचा आमचा दोन पिढ्यांचा संबंध. तक्रार नको, काय नको. फक्त इथनं पुढं तुमी देवळाला हात लावायचा न्हाई. द्या शब्द.”

मला वाटलं आता शेठ फुटतील. शिव्या देतील, निदान उठून जातील. ते बसूनच राहिले. आपले सोललेले हात बघत होते.

“माझा हात न्हाई लागणार,” ते म्हणाले. “दिला शब्द. पर पावण्यांच्या हाताला बंदी हाय का?”

बबनराव गोंधळले. इकडेतिकडे पाहिलं. पाहुण्याने देवळाला हात लावायचा नाही, असं कोण म्हणणार? “छ्या, पावण्यांना कशाची बंदी?”

“मंग ठीक हाय.” शेठ उठले आणि गाडीकडे चालू लागले. ओतूरच्या वेशीवर एवढंच म्हणाले, “दगडाला मी हात लावू नये म्हनं. गावानं ठरवलं. गावानं!” आणि हॉर्नवर विनाकारण मूठ मारली.

मागच्या उन्हाळ्यात शेठ गेले. दुकान प्रवीण चालवतो, पोपटी रंग मागणाऱ्याला पोपटी देतो. घराच्या दगडी भिंतीला दिवसकार्य व्हायच्या आत पुट्टी लागली. त्यावर मी बोललो, आणि मला पाहुण्यांसमोर गप्प बसवण्यात आलं.

त्याच्या आधीच्या थंडीत मी त्यांना शेवटचं त्या देवळापाशी पाहिलं. मढला एका नातेवाइकाकडे जाऊन मी मोटारसायकलवर परत येत होतो. पिंपळाखाली ओम्नी दिसली म्हणून आत वळलो. नाशिकचं एक म्हातारं जोडपं त्यांनी पकडून आणलं होतं. दोघांचे डोळे मिटलेले, दोघं एकमेकांचा हात धरून चाललेली. शेठ पुढे, उलटे चालत, त्यांच्याकडे तोंड करून. स्वतःचे दोन्ही हात त्यांनी पाठीमागे घट्ट बांधले होते.

“माझ्या आवाजाच्या मागं या. पायरी हाय. हां. आता खाली बसा. बसा, गुडघं दुखले तरी बसा. आता हात फुडं करा, ताई. अजून फुडं. हां, तिथं.”

बाईंचा हात बदामी रंगाला ओलांडून त्या एका मोकळ्या हत्तीवर टेकला. मग त्यांच्या यजमानांचा. उन्हं उतरत होती. दगड ऊबदार असणार. बाई हसल्या, म्हणाल्या, “अहो, सोंड आहे.” यजमान म्हणाले, “इथे घंटा.” ती दोघं बोटांनी बघत राहिली. शेठ त्यांच्यापासून वीतभर अंतरावर उकिडवे बसले होते, दोन्ही हात पाठीमागेच. बाईंच्या बोटांकडे ते असे बघत होते की मी गाडी स्टँडवर लावून तिथेच थांबलो, पुढे गेलो नाही.

“आता उघडू का डोळे?” बाईंनी विचारलं.

“न्हाई. अजून न्हाई.”

“मग कधी?”

“उठा. माझ्या आवाजाच्या मागं या.”

पुन्हा ते उलटे चालू लागले. डोळे मिटलेली ती दोघं त्यांच्यामागे. गुलाबी कळस, निळे पट्टे, पांढरे हत्ती, सगळं त्यांच्या पाठीमागे राहिलं. बांध ओलांडून, कापणी झालेल्या शेतातून शेठनी त्यांना थेट ओढ्यापाशी नेलं. तिथून देऊळ दिसत नाही, समोर नुसते डोंगर दिसतात. मी मागे मागे चालत गेलो होतो.

“आता उघडा.”

दोघांनी डोळे उघडले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. “अहो, पण देऊळ कुठे आहे?” यजमानांनी विचारलं.

“बघितलं ना तुमी,” शेठ त्यांच्यावर ओरडले. “बघून झालं. चला आता, सूर्य बुडायच्या आत मला जेवायचंय.”